उसनी चाल

माझं नाव सुलक्षणा ठेवताना आईवडिलांनी माझ्या टाचेचा विचार केला नव्हता. मिरजेत माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरमागे दिवसभर उभं राहायचं, गिऱ्हाइकांच्या गुडघ्यांच्या आणि मणक्यांच्या कहाण्या ऐकायच्या, आणि आपली उजवी टाच मात्र हळूच उचलून धरायची, असं माझं वर्षानुवर्षं चाललं होतं. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत खिळा घुसायचा. मग मी ओठ दाबून, भिंत धरत स्वयंपाकघर गाठायची. ज्यांना हे दुखणं आहे त्यांना जास्त सांगायला नको, आणि ज्यांना नाही त्यांना सांगून ते पटत नाही.

उपाय सगळे करून झाले होते. तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेक घेतला. बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवली. मऊ चपला आणल्या, इंजेक्शन घेतलं. दुकानातली मलमं मी स्वतःच इतकी चोळायची की गिऱ्हाइकांना वाटायचं, मालकीणबाई वापरतात म्हणजे माल चांगला असणार. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

माझं लग्न उशिरा झालं. भरतेश मगदूम बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर मॅनेजर. त्यांची पहिली बायको पद्मजा तापाचं निमित्त होऊन गेली, तेव्हा मुलगी पहिलीत होती. मुलीचं नाव निर्जरा. मी या घरात आले तेव्हा ती तिसरीत होती, आणि ही गोष्ट घडली तेव्हा सहावीत. पोर शांत, हुशार, वळणाची. मला मावशी म्हणायची आणि अहोजाहो करायची. मिरजेकडची बोली तशी गोड आहे, 'आलात'चं तिथं 'आलासा' होतं. मी दुकानातून आले की ती वहीतून मान वर करून विचारायची, "मावशी, आलासा?" जेवताना विचारायची, "मावशी, भात घेतलासा?"

मी मूळची नगरची. आमच्याकडे पोरं आईला काय, आजीलासुद्धा अगंतुगं करतात. निर्जरा आईच्या फोटोसमोर उभी राहून शाळेतलं काहीबाही सांगायची, तेव्हा तिच्या तोंडात "तू" असायचं. माझ्याकडे वळली की "तुम्ही". येणारेजाणारे कौतुक करायचे, किती आदबीनं बोलते बघा! त्या आदबीनं माझा जीव मेटाकुटीला आला होता. मला आई म्हणू नकोस, पण एकदा तरी चिडून, लाडात, कशीही "तू" म्हण, एवढंच मला हवं होतं. ते मागून मिळत नाही, म्हणून मी कधी मागितलं नाही.

गावात बिनड्रायव्हरच्या रिक्षा फिरायला लागल्या, त्याच सुमारास केवळ पायांचा एक दवाखाना निघाला. सुगम चाल केंद्र. तिथल्या डॉक्टर हेरवाडे माझ्यापेक्षा लहान, बोलायला मोकळ्या. माझी टाच अंगठ्यानं दाबून त्यांनी मला पहिल्याच भेटीत किंचाळायला लावलं.

"शॉक वेव्हचं यंत्र म्हटलं तरी शॉक म्हणजे करंट नव्हे हं, मॅडम," त्या म्हणाल्या. "मुतखडा बाहेरूनच फोडतात ना, तसल्याच दाबाच्या लाटा. जोर कमी."

मला ते ठाऊक होतं, पण त्या छान समजावत होत्या म्हणून मी ऐकत राहिले. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो. रोजच्या ताणानं तो टाचेपाशी उसवतो. शरीर दुरुस्तीला लागतं आणि जुनाट दुखण्यात अर्ध्यावरच कंटाळून सोडून देतं. यंत्राच्या ठोक्यांनी तिथे नव्यानं बारीक इजा होते आणि कंटाळलेलं शरीर पुन्हा कामाला लागतं. हे तंत्र जुनंच होतं. अडचण पुढे होती. नवे तंतू विणले जातात ते वजन ज्या वाटेनं पडतं त्या वाटेनं. आपण पहिल्यासारखेच वेडेवाकडे चाललो, तर पट्टा पहिल्यासारखाच वेडावाकडा विणला जातो आणि पुन्हा उसवतो.

"म्हणून आम्ही निरोगी माणसाच्या चालीचा साचा वापरतो," डॉक्टर म्हणाल्या. "त्याचं पाऊल कुठं टेकतं, वजन कसं सरकतं, सगळं नोंदवलेलं असतं. यंत्र त्याच नक्षीनं ठोके देतं. बुटातलं अस्तर दिवसभर तोच ताल तळव्याला देत राहतं. चालण्याचा ताल मुख्यतः पाठीच्या कण्यात असतो, मॅडम. मेंदू फक्त चल म्हणतो. कण्याला तळव्यातून जे सांगावं ते तो खरं मानतो."

"म्हणजे मी दुसऱ्याच्या चालीनं चालणार?"

"दुसऱ्याचा स्वेटर बघून स्वेटर विणतो ना, तसं. तुम्हाला साचा सात बसतोय. इकडच्या बऱ्याच बायकांना सातच बसतो."

"हा सात कोण?"

"स्वयंसेवक. नावं पुसून टाकलीत आम्ही."

ठोके बसत होते तेव्हा टाचेत कुणी टाचणीनं टकटक करतंय असं वाटत होतं. दुखलं, पण सोसवलं. काही बैठका झाल्या आणि एका सकाळी मी पलंगावरून उतरले तर खिळा नव्हता. मी परत पलंगावर बसले आणि परत उतरले. तरी नव्हता. मी घरभर चालले, गॅलरीत गेले, उगाचच जिना उतरून खाली गेले आणि वर आले. आनंदानं मला रडू आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

शेवटची एक बैठक बाकी होती. आतापर्यंतचा टाका कच्चा होता, तो त्या बैठकीत पक्का व्हायचा होता. ती घेतली नाही तर पाय हळूहळू जुन्या वळणावर जातो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

त्याच आठवड्यात मी संध्याकाळी दुकानातून आले. आमचं घर पहिल्या मजल्यावर. जिन्याच्या फरशा जुन्या, पाऊल वाजतं. दार उघडंच होतं. निर्जरा दाराकडे पाठ करून नकाशा रंगवत बसली होती. मी उंबऱ्याशी आले आणि ती मान न वळवता म्हणाली,

"आई, आलीस?"

मी आहे तिथे थांबले. पेन्सिल अजून चालूच होती. तिनं इतक्या सहज विचारलं होतं की मधली सगळी वर्षं जणू गेलीच नव्हती. मग पेन्सिल थांबली. तिनं हळूहळू मान वळवली, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"मावशी, तुम्ही होय," ती म्हणाली. "आलासा?"

आतल्या खोलीच्या दारात भरतेश उभे होते. हातात टॉवेल, तोंडावर साबण तसाच. त्यांनीही पावलं ऐकली होती. ते माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते, माझ्या पायांकडे बघत होते.

चहा पिताना त्यांनी सांगितलं. पद्मजा खो-खो खेळायची. डावा घोटा एकदा मुरगळला होता, तेव्हापासून तिचं उजवं पाऊल ठप् पडायचं आणि डावं थोडं सर्र घासत यायचं. तिला दुखत नव्हतं काही. उलट ती कितीही चालायची. पायांच्या प्रयोगासाठी माणसं हवीत असं ऐकून ती हौसेनं गेली होती. तेव्हा हे केंद्र नव्हतं, एका लांबट खोलीत सगळं चालायचं.

"मी निरूला मांडीवर घेऊन बाकड्यावर बसलो होतो," ते म्हणाले. "ही इकडून तिकडं, तिकडून इकडं. मध्ये जमिनीवर वायरींचा जाड पट्टा चिकटवला होता. दर खेपेला तिथं आली की डावा पाय उचलून पलीकडं टाकायची. निरू हसायची. शेवटी त्यांनी तिला स्टीलचा डबा दिला. तुझ्या पोह्यांचा डबा तोच."

मला हसू आलं नाही. जिन्याच्या वळणावर गेले काही दिवस माझा डावा पाय कारण नसताना थोडा वर उचलला जात होता. मला वाटलं होतं, पाय हलका झालाय म्हणून असेल. तिथे ओलांडण्यासारखं काहीही नव्हतं.

दोन दिवसांनी दुपारी निर्जरा माझ्याजवळ येऊन उभी राहिली. बराच वेळ तिनं फ्रॉकच्या पट्ट्याशी चाळा केला.

"मावशी, जरा चाला की."

"कुठं जायचंय?"

"इथंच. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी तिकडं तोंड करून बसते."

ती भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसली. मी चालू लागले. ठप्, सर्र. ठप्, सर्र. थोड्या वेळानं ती बोलायला लागली. शाळेतली बाई कशी रागावली, कुणी तिचा डबा खाल्ला, पोटात दुखतं तरी बाबांना सांगितलं नाही, असं सगळं. "तुला माहितीय का आई," ती म्हणत होती, "तू असतीस तर बघितलं असतंस." माझ्याशी एवढं ती कधीच बोलली नव्हती. पोट दुखतं म्हणाली तेव्हा मला राहवलं नाही.

"कधीपासून दुखतंय, बाळा?"

तिचे खांदे आखडले. "मावशी, तुम्ही बोलू नकासा," ती हळू आवाजात म्हणाली. "नुसत्या चाला."

मी नुसती चालत राहिले. ते "तू" मला हवं होतं, मग ते दुसऱ्या कुणाला का असेना, माझ्या कानांवर पडत होतं. मग रोज दुपारी दुकान बंद करून आले की आमचं हे सुरू झालं. मी तिच्या पाठीमागे फिरायची आणि ती भिंतीला सांगायची. माझी चाहूल दारात आली की तिचा चेहरा उजळायचा आणि मी समोर दिसले की विझायचा. तरी मी अनवाणी, पाऊल वाजवत जिना चढायची. दुपारच्या त्या अर्ध्या तासात मी घरात नसायची, घरात पद्मजा असायची, आणि तिला पाय मी पुरवलेले असायचे.

भरतेशना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले आणि म्हटलं, "अहो, काहीतरी बोला."

"काय बोलू?" ते म्हणाले. "मला तो आवाज नको वाटतो, सुलक्षणा. आणि थांबला की अजून नको वाटतं."

त्यानंतर मला त्या दिसू लागल्या. भाजी मंडईत मेथीची जुडी घेऊन चाललेल्या एका बाईनं भर रस्त्यात, काही नसताना, डावा पाय उचलून पलीकडे टाकला. बँकेच्या पायऱ्यांवर दुसरी. दुकानासमोरून चाललेल्या दोघी, एक पंजाबी ड्रेसमधली, एक नऊवारीतली, बोलत बोलत आल्या आणि दोघींनी एकदमच पाय उचलला. दोघी एकमेकींना ओळखत होत्या, पण आपण काय ओलांडतोय हे दोघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मी काउंटरला धरून उभी राहिले. गावभर बायका एक वायर ओलांडत होत्या, जी कधीच काढून टाकलेली होती. आणि तळमजल्यावरच्या कदमकाकूंनी परवाच मला विचारलं होतं, टाचेला गुण आला का गं तुला, मी पण जाऊ का तिथं?

एका शनिवारी निर्जरा शाळेतून घरी आली नाही. शाळा सकाळची, ती जेवायच्या वेळेला घरात असायची. मी शाळेत फोन केला, तर ती मैत्रिणींसोबत निघाली होती. मैत्रीण म्हणाली, "काकू, ती एका बाईंच्या मागून गेली. आम्ही हाका मारल्या, तर तोंडावर बोट ठेवून गप्प बसा म्हणाली." कोण बाई, कुठली बाई, हे विचारायची मला गरज नव्हती. त्या चालीच्या बायका रोज जमतात ते ठिकाण एकच होतं, म्हणून मी रिक्षात बसले आणि चाल केंद्राचं नाव सांगितलं.

केंद्रात मागच्या बाजूला एक लांब दालन आहे. उपचार झालेल्या बायकांना तिथे रोज फेऱ्या घालायला लावतात. मी दार ढकललं. आत दहाबारा बायका एकामागोमाग एक चालत होत्या. कुणी जाड, कुणी बारीक, कुणी माझ्या वयाच्या, कुणी आजीबाई. पावलं मात्र एकच होती. ठप्, सर्र. ठप्, सर्र. डोळे मिटले असते तर मला वाटलं असतं, एकच बाई चालतेय आणि तिचं चालणं संपत नाहीये. सगळ्या एकाच रेषेवरून सुरुवात करत होत्या, म्हणून दालनाच्या मध्यावर आलं की प्रत्येकीचा डावा पाय एकाच जागी वर उचलला जायचा. जमीन तिथे आरशासारखी गुळगुळीत होती.

निर्जरा कोपऱ्यातल्या बाकड्यावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. दप्तर पाठीवरच. डोळे घट्ट मिटलेले आणि ओठ हलत होते. बायका तिच्याकडे बघून हसत होत्या, कुणाची तरी नात असेल असं त्यांना वाटलं असणार.

मी जवळ जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"घरी चल, निरू."

"इथं आई दमत नाही," ती डोळे न उघडता म्हणाली. "तुम्ही घरात दमता. इथं एक गेली की दुसरी येते."

तिचा आवाज शांत होता, झोपेत बोलतात तसा. मला भीती वाटली. एवढी भीती मला तिच्या हरवण्याचीही वाटली नव्हती. मी तिच्या शेजारी बसले. मागे पावलं येत होती, जवळ यायची आणि पुढे जायची. अशा किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. मग तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"सारखी चालते," ती म्हणाली. "पण माझ्यापाशी येतच नाही. पुढंच जाते."

मी तिला कुशीत घेतलं. तिनं घेऊ दिलं. तिचं तोंड माझ्या खांद्यात होतं आणि मी तिचे दोन्ही कान माझ्या तळहातांनी झाकून तिला त्या दालनातून बाहेर आणलं.

दारात डॉक्टर हेरवाडे भेटल्या. शेवटच्या बैठकीची तारीख आज घेऊन टाकू या, म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, "साचा सात म्हणजे पद्मजा मगदूम."

त्या चपापल्या. "नावं आम्ही पुसलीत. मला सांगता येणार नाही."

"तुम्ही सांगू नका. तिच्या पोरीनं ओळखलंय."

त्यांनी निर्जराकडे पाहिलं, मग दालनाकडे पाहिलं. दालनातून आवाज येतच होता. त्या तो रोज ऐकत असणार, पण तेव्हा पहिल्यांदा त्यांनी तो ऐकला असं मला वाटलं.

"आम्ही दाब मोजला, कोन मोजले, वेग मोजला," त्या म्हणाल्या. "आवाजाचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"मला दुसरा साचा द्या."

"नाही देता येत. एकदा ठोकलेली टाच दुसऱ्या नक्षीनं ठोकली तर पट्टा फाटेल. एक तर हा पक्का करायचा, नाहीतर सोडून द्यायचा. सोडलात तर दुखणं परत येणार, मॅडम. आणि मग माझ्याकडं उपाय नाही. जन्मभर म्हणतेय मी."

जन्मभर हा शब्द मी औषधांच्या दुकानात रोज वापरते. ही गोळी जन्मभर घ्यायची, असं सांगून मी चिल्लर परत देते. तो आपल्यावर आला की कसा लागतो ते मला त्या दिवशी कळलं. सकाळचा तो खिळा मला आठवला. मला खरंच ती टाच सोडवत नव्हती. सुख काय असतं ते पायाला कळून चुकलं होतं. पण दुपारच्या त्या भिंतीकडे तोंड केलेल्या पाठीमागे जन्मभर मुकाट फिरत राहायचं, हे मला सोसणार नव्हतं. आणि पोरीला तर मुळीच सोसणार नव्हतं.

"सोडून द्या," मी म्हटलं. बुटातलं अस्तर काढून मी त्यांच्या हातात ठेवलं.

डॉक्टरांनी साचा सात बंद करायचं वरती कळवलं. वरून उत्तर आलं की गावोगावच्या हजारो बायका त्यावर बऱ्या झाल्यात आणि तक्रार एकीचीही नाही. ते खोटं नव्हतं.

दुखणं एकदम आलं नाही. आधी जिन्याच्या वळणावर डावा पाय उचलला जायचा बंद झाला. मग सर्र गेलं. मग एका सकाळी पलंगावरून उतरले आणि खिळा आपल्या जागी होता. मी भिंत धरली. भरतेश उठून बसले होते. त्यांनी येऊन माझा दुसरा हात धरला आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरापर्यंत गेलो.

निर्जरा त्या दिवसांत अबोल झाली होती. तिनं मला पुन्हा चालायला सांगितलं नाही. मी लंगडत आत आले की बघायची आणि वहीत डोकं घालायची. मला वाटलं, मी तिची आई दुसऱ्यांदा नेली आणि हे ती मला कधी माफ करणार नाही. पोटदुखीचं मात्र मी सोडलं नाही. तिला डॉक्टरकडे नेलं, औषध दिलं, रोज विचारत राहिले. "बरं आहे, मावशी," ती म्हणायची. "तुम्ही बसा की, पाय दुखतोय तुमचा."

एक दिवस शाळेच्या कुंपणाजवळून तिनं रुईची पानं तोडून आणली. चीक डोळ्यात गेला असता म्हणून मी ओरडले, तिनं मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि पानं ओट्यावर ठेवली.

परवा दुकानात गर्दी होती. मला यायला उशीर झाला. टाच इतकी ठणकत होती की फाटकापाशीच मी खांबाला टेकले. वर आमच्या खिडकीत दिवा होता आणि निर्जराचं डोकं दिसत होतं, दाराकडे पाठ, नेहमीसारखं. तेवढ्यात कदमकाकू देवळातून आल्या. त्यांचे उपचार महिन्यापूर्वीच पुरे झालेत. त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि फरसबंदीवरून आपल्या दाराकडे गेल्या. ठप्, सर्र. ठप्, सर्र. मध्येच त्यांनी डावा पाय उचलून काहीतरी ओलांडलं. खिडकीतलं डोकं वर झालं. मी बघत राहिले. काकूंचं दार लागलं, आवाज थांबला, तरी ते डोकं तसंच होतं.

मला जिना चढवेना. पण वर जायचं तर दुसरी वाट नव्हती. कठडा धरून, उजवी टाच वर उचलून, चवड्यावर भार देत मी निघाले. माझ्या चालीला ना ताल ना तोल. एक पाऊल धप्पकन, दुसरं फरपटत, मध्ये एक उसासा, आणि प्रत्येक वळणावर "अगं आई गं". असं चालणारं दुसरं कुणी या गावात नसेल. कुणाचा साचा नाही, आणि कुणी घेणारही नाही.

मी उंबऱ्याशी आले. निर्जरानं मान वळवली नाही. पेन्सिल चालू होती.

"मावशी, आलीस?" ती म्हणाली. "किती उशीर केलास गं. वीट कधीची तापवून ठेवलीय मी."

मी म्हटलं, "आले गं बाई," आणि तिनं माझ्यासाठी खुर्ची ओढली.